बीफ आणि भाज्यांचं स्टर-फ्राय: कढईत पाणी सुटू न देता, पायरी पायरीने

स्टर-फ्राय बिघडलं की तक्रारी तीनच असतात. मांस वातड झालं, भाज्या मऊ पडल्या, कढईच्या तळाशी करडं पाणी साचलं. खरं तर या तीन तक्रारी नाहीतच, तिसरी झाली की पहिल्या दोन आपोआप होतात. कढईत पाणी साचलं की मांस परतलं जात नाही, उकडतं. आणि मग भाज्याही त्याच पाण्यात शिजत बसतात.

हे का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. पाणी आहे तोवर कढईचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. मांसाला खमंग वास आणि तपकिरी रंग यायला १४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. त्यात भर अशी, की एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळपास सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. घरच्या शेगडीकडे एवढी ताकद नसते. त्यामुळे ‘आच मोठी ठेवा’ हा सल्ला अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे कढईत कमीत कमी पाणी जाऊ देणं, आणि ते काम शेगडी पेटवण्याच्या आधीच करायचं असतं.

वेळेचा हिशोब: शेगडीवर आठ-दहा मिनिटं. त्याआधी कापाकापी, मुरवणं, पुसणं मिळून पाऊण ते एक तास, शिवाय मांस फ्रीझरमध्ये ठेवण्याचा वेळ वेगळा. ‘झटपट’ हा शब्द फक्त शेगडीपुरता खरा आहे.

साहित्य (तीन जणांसाठी)

मांसासाठी: बिनहाडाचं बीफ ४०० ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा, सोया सॉस १ मोठा चमचा, कॉर्नफ्लोर २ चहाचे चमचे, तेल १ मोठा चमचा, मिरपूड.

भाज्या, सगळ्या मिळून ३५० ते ४०० ग्रॅम: एक गाजर, एक ढोबळी मिरची, एक मध्यम कांदा, ब्रोकोलीचे मूठभर तुरे, पातीच्या कांद्याच्या दोन-तीन काड्या.

सॉससाठी: सोया सॉस २ मोठे चमचे, ऑयस्टर सॉस १ मोठा चमचा, साखर १ चहाचा चमचा, व्हिनेगर १ चहाचा चमचा, पाणी ४ मोठे चमचे, कॉर्नफ्लोर दीड चहाचा चमचा.

याशिवाय: बारीक चिरलेला लसूण १ मोठा चमचा, बारीक चिरलेलं आलं तेवढंच, परतायला रिफाइंड तेल ३ मोठे चमचे, शेवटी घालायला भाजलेल्या तिळाचं तेल १ चहाचा चमचा.

मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, चहाचा चमचा ५ मिलिलिटर. मीठ लिहायचं राहिलेलं नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं आणि इथे असे तीन चमचे जाताहेत. वरून मीठ घातलंत तर पदार्थ खारट होणारच.

## १. तुकडा निवडणं

इथे मांसाला कढईत एकूण दोन-अडीच मिनिटं मिळतात. त्यामुळे तेवढ्यात मऊ राहणारा भागच घ्यायचा. कमरेकडचा सर्लॉइन, पुठ्ठ्याकडचा रम्प, पोटाकडचा फ्लँक किंवा स्कर्ट, यांतलं काहीही चालतं. अंडरकट सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. तो सोडा लावून सॉसमध्ये घोळवणं मला तरी जिवावर येतं. तो नुसता भाजून खावा.

नळीचं किंवा खांद्याकडचं रश्श्याचं मांस घेऊ नका. त्यातल्या चिवट ऊती मऊ व्हायला मंद आचेवर तास-दोन तास लागतात, इथे तेवढे क्षणही नाहीत. ‘स्टर-फ्रायसाठी कापलेलं’ म्हणून पाकिटात मिळतं तेही शक्यतो टाळा. त्यात वेगवेगळ्या भागांचे उरलेले तुकडे एकत्र असतात, जाडी कमीजास्त असते आणि ते धाग्याच्या कोणत्या दिशेने कापलेत हे कापणाऱ्यालाच ठाऊक. अखंड तुकडा घ्या, घरी कापा.

म्हशीचं मांस असेल तर त्यात चरबी कमी आणि धागे बऱ्याचदा जाडसर असतात. कृती तीच राहते, पण काप आणखी पातळ करा.

मांस गोठलेलं असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात खोल थाळीत ठेवून सुटू द्या. ओट्यावर दिवसभर ठेवू नका. वरचा थर कोमट होऊन जंतू वाढायला लागतात आणि आतला भाग तेव्हाही बर्फच असतो.

## २. कापणं

मांस वातड होण्याचा दोष लोक आचेला देतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दोष सुरीच्या दिशेचा असतो.

मांस म्हणजे एकाच दिशेने रचलेल्या बारीक धाग्यांची जुडी. सुरी धाग्यांच्या दिशेने चालवली तर प्रत्येक कापात लांबच लांब अखंड धागे राहतात, आणि ते तोडायचं काम दातांवर येतं. सुरी धाग्यांना आडवी चालवली की प्रत्येक धागा तीन-चार मिलिमीटरचा उरतो आणि घास पटकन सुटतो. शिजवण्यात कितीही कौशल्य दाखवलं तरी हा फरक नंतर भरून निघत नाही.

आता क्रमाने.

तुकड्यावरचा चंदेरी-पांढरा पापुद्रा सुरीचं टोक आत सरकवून सोलून काढा. तो शिजत नाही, आक्रसतो, आणि काप वाटीसारखा वळतो. वळलेल्या कापाच्या फक्त कडा कढईला टेकतात.

मग तुकडा पसरून उघडा, न गुंडाळता, ३० ते ४५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. बोटाने दाबल्यावर कडा टणक लागल्या आणि मध्यभाग थोडा दबला की बाहेर काढा. मऊ मांस सुरीखाली सरकतं आणि काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ निघतात. अशा कापाची पातळ बाजू करपेपर्यंत जाड बाजू कच्चीच राहते.

तुकडा उजेडात धरून धाग्यांच्या रेघा शोधा. फ्लँकमध्ये त्या लांबूनही दिसतात. सर्लॉइन आणि रम्पमध्ये नीट बघावं लागतं, कारण तिथे दोन-तीन स्नायू एकमेकांना चिकटलेले असतात आणि प्रत्येकाची दिशा निराळी असते. ते जिथे जोडलेत त्या चरबीच्या रेषेवरून आधी वेगळे करा. सगळा तुकडा एकाच दिशेने कापून मोकळं होण्याचा मोह होतो, तो आवरा.

तुकडा मोठा असेल तर आधी धाग्यांच्या *दिशेने* चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या करा. मग प्रत्येक पट्टी आडवी ठेवून धाग्यांना काटकोनात, सुरी थोडी तिरकी धरून, ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे काप काढा. सुरी तिरकी धरली की काप रुंद निघतो आणि कढईला जास्त जागी टेकतो. कागदासारखे पातळ काप करू नका. त्यांना रंग येण्याआधीच ते आतून जास्त शिजून जातात.

> तपासा: एक काप दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा. सहज तुटला तर दिशा बरोबर आहे. रबरासारखा ताणला गेला तर तुम्ही धाग्यांच्या दिशेने कापताय. थांबा, उरलेला तुकडा फिरवून घ्या.

## ३. सोडा, धुणं, पुसणं, मुरवणं

या चार गोष्टी याच क्रमाने करायच्या. क्रम बदलला की फायदा उरत नाही.

कापांवर अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा आणि दोन मोठे चमचे पाणी घालून हाताने चोळा. प्रत्येक काप भिजला पाहिजे. २० मिनिटं ठेवा. सोड्यामुळे मांसाच्या पृष्ठभागावरची आम्लता कमी होते, त्यामुळे तापल्यावर प्रथिनं एकमेकांना फार घट्ट धरत नाहीत. मांस कमी आक्रसतं आणि त्यातला रसही कमी पिळून निघतो.

सोड्याचं प्रमाण अंदाजाने वाढवू नका. मी एकदा ‘थोडा जास्त मऊ होईल’ म्हणून दुप्पट घातला आणि दीड तास विसरलो. मांस मऊ झालं, पण बुळबुळीत, आणि प्रत्येक घासाला साबणाची चव. जेवायला सहा जण होते. कोणी काही बोललं नाही, भाज्या तेवढ्या संपल्या.

२० मिनिटांनी काप पातेलंभर थंड पाण्यात घालून हलवा, पाणी ओता, पुन्हा एकदा तसंच करा. हे पातेल्यातच करायचं, वाहत्या नळाखाली नाही. नळाच्या धारेने कच्च्या मांसाचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, चिरलेल्या भाज्यांवर उडतात.

आता पुसणं. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि पाणी सगळ्यात जास्त इथूनच कढईत जातं. काप चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. मग एका ताटात टिश्यू पेपर अंथरून त्यावर एका थरात पसरा, वरून दुसरा पेपर ठेवून तळव्याने दाबा. पेपर ओला झाला की बदला. एका वेळच्या मांसाला मला सात-आठ पेपर लागतात. ते उधळेपणाचं वाटलं तर सुती फडकं वापरा, पण ते लगेच साबणाच्या गरम पाण्यात टाका, ओट्यावर लोळू देऊ नका.

पुसलेल्या कापांना सोया सॉस आणि मिरपूड लावा. सॉस जिरला की कॉर्नफ्लोर घालून चोळा, सगळ्यात शेवटी तेल. तेल आधी घातलंत तर कॉर्नफ्लोर कापांना चिकटत नाही, गोळे होतात. कॉर्नफ्लोरचं पातळ आवरण रस आत धरायला मदत करतं आणि पुढे सॉसही त्यालाच धरून राहतो. तेलाने काप एकमेकांपासून सुटे राहतात. १५ मिनिटं पुरेत. तेवढ्यात भाज्या करून घ्या.

> तपासा: भांडं तिरकं करून बघा. तळाशी पातळ द्रव वाहताना दिसला तर मांस नीट पुसलं गेलं नव्हतं. तो द्रव ओतून टाका आणि अर्धा चमचा कॉर्नफ्लोर आणखी लावा.

> सावध: कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि ताट आत्ताच साबणाने धुवा, हातही. परतलेलं मांस परत त्याच न धुतलेल्या ताटात काढणं ही फार सर्रास होणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक आहे.

## ४. भाज्या: आकारापेक्षा वेळ महत्त्वाची

पाककृतींत ‘सगळ्या भाज्या एकसारख्या कापा’ असं लिहिलेलं असतं. एकसारखी लागायला हवी ती शिजायची वेळ. गाजर आणि ढोबळी मिरची एकाच मापाने कापली तर मिरची गळून जाईल तरी गाजर कच्चंच.

गाजराच्या तिरक्या, दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करा. ढोबळी मिरचीचे बोटभर रुंद तुकडे, आतला पांढरा भाग काढून टाका. कांद्याचे जाड उभे काप, पाकळ्या सुट्या करून. ब्रोकोलीचे तुरे दोन घासांएवढे, आणि प्रत्येक तुऱ्याला एका बाजूने सपाट काप द्या, म्हणजे तो कढईवर नीट बसतो. पातीचा पांढरा आणि हिरवा भाग वेगवेगळा ठेवा.

ब्रोकोली, फरसबी, फ्लॉवर अशा टणक भाज्या कढईत कच्च्या टाकल्या तर आतून शिजेपर्यंत बाहेरून करपतात, मग घाबरून आपण पाणी शिंपडतो किंवा झाकण ठेवतो आणि सगळं मुसळ केरात. त्या आधी खळखळत्या मिठाच्या पाण्यात एक मिनिट टाकून काढा, लगेच गार पाण्यात घाला, मग निथळून पुसा. ब्रोकोलीच्या गुच्छात पाणी दडून बसतं, म्हणून ती उलटी, देठ वर करून निथळत ठेवा. नंतर हातात घेऊन झटकून बघा, थेंब उडाले तर अजून कोरडी नाही.

बाकीच्या भाज्या चिरायच्या *आधी* धुवा, जमलं तर तासभर आधी. चिरून धुतल्या तर कापलेल्या प्रत्येक बाजूला पाणी धरून बसतं.

मश्रूम घालायचे असतील तर ते वेगळं प्रकरण. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते बाकीच्या भाज्यांबरोबर टाकू नका. आधी एकटेच परतून, पाणी सुटून आटेपर्यंत थांबून, बाजूला काढा.

आणि भाज्यांची संख्या चार-पाचवर ठेवा. फ्रिजमधलं सगळं संपवायला हा पदार्थ नाही. प्रत्येक नवी भाजी स्वतःचं पाणी आणि स्वतःची वेळ घेऊन येते.

## ५. सॉस आधी, वाटीत

सॉसचं सगळं साहित्य एका वाटीत एकत्र करा, साखर विरघळेपर्यंत आणि कॉर्नफ्लोरच्या गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. बोट बुडवून चव बघा. नुसता चाखल्यावर थोडा जास्तच खारट-गोड लागायला हवा, कारण तो पाऊण किलो ऐवजावर पसरणार आहे. आत्ताच बेताचा लागला तर नंतर फिका वाटेल.

बाटल्या एकेक करून थेट कढईत ओतू नका. तीन झाकणं उघडेपर्यंत अर्धं मिनिट जातं, आणि इथे अर्ध्या मिनिटात लसणाचा कोळसा होतो.

## ६. मांडणी

शेगडीच्या उजवीकडे (डावखुरे असाल तर डावीकडे) या क्रमाने ठेवा: तेलाची वाटी, मांस, गाजर, कांदा-मिरची-पातीचा पांढरा भाग, ब्रोकोली, आलं-लसूण, सॉस, पातीचा हिरवा भाग, तिळाचं तेल. एक स्वच्छ रिकामं ताट, परतलेलं मांस काढायला. सोबत भात किंवा नूडल्स असतील तर ते तयार, ताटल्या मांडलेल्या, जेवणारे हाकेच्या अंतरावर. खिडकी उघडी, पंखा किंवा चिमणी चालू.

> तपासा: डोळे मिटून पुढची आठ मिनिटं मनातल्या मनात करून बघा. कुठे ‘ते कपाटातून काढावं लागेल’ असं आलं, तर ते आत्ता काढा.

## ७. कढई तापवणं

गॅसवर पातळ लोखंडी कढई किंवा कार्बन स्टीलचा वोक उत्तम. इंडक्शन किंवा कॉइल असेल तर गोल बुडाची कढई विसरा, बिडाचा जाड सपाट तवा किंवा पॅन घ्या. बीड हळू तापतं, पण तापल्यावर उष्णता धरून ठेवतं, आणि कमी ताकदीच्या शेगडीवर तीच गोष्ट कामाला येते. आकार मोठा, निदान २८ सेंटिमीटर.

नॉनस्टिक भांडं या कामाचं नाही. रिकामं नॉनस्टिक मोठ्या आचेवर मिनिटा-दोन मिनिटांत फार तापतं, आणि २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब होऊ लागतो, त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो. घरात तेच असेल तर रिकामं तापवू नका, तेल घालून मध्यम-मोठ्या आचेवर तापवा आणि मांसाचे घाणे लहान करा. रंग थोडा कमी येईल, तेवढं सोसा.

कोरडी कढई मोठ्या आचेवर ठेवा. दोन मिनिटांनी पाण्याचे एक-दोन थेंब टाकून बघा. थेंब जागच्या जागी चरचरून आटला तर अजून वेळ आहे. थेंबाचा गोळा होऊन तो पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळायला लागला, म्हणजे कढई १९०-२०० अंशांच्या पुढे गेली. ते पाणी पूर्ण उडू द्या. *मग* एक मोठा चमचा तेल घाला, कढई फिरवून सगळीकडे लावा. तेलावर लाटा उठल्या आणि धुराची पहिली पुसट रेघ दिसली की मांस टाकायची वेळ झाली.

तेल रिफाइंडच हवं: शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, काहीही. भाजलेल्या तिळाचं तेल किंवा लोणी इथे करपतं.

> सावध: तेलाचा धूर दाट होत गेला तर गॅस बंद करा आणि कढई जागेवरच राहू द्या. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका, भडका उडतो. झाकण आधीपासून हाताशी असू द्या.

## ८. मांस, दोन घाण्यांत

भज्यांचे घाणे काढताना आपण कढई कधी ठेचून भरत नाही, कारण तेल निवतं हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मांसाच्या बाबतीत मात्र सगळी वाटी एकदम उपडी करतो. ४०० ग्रॅम गार मांस एकदम पडलं की घरच्या शेगडीवरची कढई क्षणात थंड होते, आणि मग सुरुवातीला सांगितलेलं करडं पाणी.

म्हणून एका वेळी २०० ग्रॅमच. काप चिमट्याने किंवा हाताने एकेक पसरून ठेवा, एका थरात. एकावर एक नकोत.

आणि आता ४५ सेकंद हात लावू नका. ‘परतायचं’ म्हटलं की उलथनं सतत फिरवायचं असं आपल्या डोक्यात बसलंय. हॉटेलातल्या प्रचंड आचेवर ते ठीक आहे. घरी प्रत्येक वेळी हलवलं की काप तापलेल्या जागेवरून उठून कमी तापलेल्या जागी जातो आणि रंग येतच नाही. खालची बाजू तपकिरी झाली, की काप स्वतःहून कढई सोडतो. ओढून काढावा लागत असेल तर अजून पाच-दहा सेकंद थांबा.

मग उलटा, आणखी २० ते ३० सेकंद परता, आणि थोडा गुलाबी शिल्लक असतानाच स्वच्छ ताटात काढा. उरलेलं शिजणं ताटात आणि शेवटी सॉसमध्ये होतं. ‘अजून कच्चं वाटतंय’ म्हणून इथेच पूर्ण शिजवलंत तर शेवटच्या मिनिटात ते नक्की वातड होईल.

कढई पुन्हा तापू द्या. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. मग थोडं तेल आणि दुसरा घाणा.

> तपासा: कान द्या. चरचर असा कोरडा, तीक्ष्ण आवाज येत असेल तर सगळं ठीक. आवाज खाली येऊन रटरट ऐकू यायला लागली तर पाणी साचतंय. लगेच अर्धे काप ताटात काढा, उरलेले कडेला सारा, मधला भाग तापू द्या. मी आता कढईकडे बघण्याआधी ऐकतो. डोळ्यांना पाणी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

## ९. भाज्या

तळाला चिकटलेलं तपकिरी राहू द्या, पुढे सॉसमध्ये सुटेल. काळं झालं असेल तर मात्र कढई पुसून घ्या, कडू लागतं.

एक मोठा चमचा तेल. आधी गाजर, एकटं, एक मिनिट. मग कांदा, ढोबळी मिरची, पातीचा पांढरा भाग, सव्वा मिनिट. मग ब्रोकोली, अर्धं मिनिट. इथेही पसरायचं, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग हलवायचं.

मीठ नको, मीठ भाजीतलं पाणी ओढून काढतं. झाकण नको, वाफ परत कढईतच पडते.

## १०. आलं-लसूण इतक्या उशिरा का

फोडणीच्या सवयीने लसूण सगळ्यात आधी तेलात पडतो. पण इथे तेल धुराच्या उंबरठ्यावर आहे आणि बारीक चिरलेला लसूण त्यात वीसेक सेकंदांत करपतो. पुढची पाच मिनिटं तो करपट वास सगळ्यात मुरत राहतो. म्हणून आता, भाज्या कडेला सारून मधे जागा करा, थोडं तेल सोडा, आलं-लसूण घाला, १५ सेकंद परता. वास सुटला की भाज्यांत मिसळा. रंग बदलायची वाट बघू नका.

## ११. सॉस आणि शेवटचं मिनिट

मांस, ताटात सुटलेल्या रसासकट, कढईत घाला. सॉसची वाटी *पुन्हा ढवळा*. एव्हाना कॉर्नफ्लोर तळाशी बसलेला असतो. न ढवळता ओतलं तर आधी पाणी पडतं आणि शेवटी पांढरा गोळा.

सॉस मधोमध न ओतता कढईच्या कडेकडेने सोडा. कडा तापलेल्या असतात, सॉस खाली येईपर्यंतच उकळायला लागतो. कॉर्नफ्लोर उकळी आल्याशिवाय दाट होत नाही, त्यामुळे पातळ दिसलं म्हणून लगेच आणखी घालू नका. बुडबुडे आले की ३० ते ४० सेकंद सगळं खालीवर करत राहा. गढूळ दिसणारा सॉस एकदम पारदर्शक, चकचकीत होतो. त्या क्षणी गॅस बंद.

तिळाचं तेल आणि हिरवी पात गॅस बंद झाल्यावर. एकदा हलवा आणि लगेच ताटात काढा. कढई तापलेलीच आहे, तिच्यात ठेवलंत तर शिजणं चालूच राहतं.

> तपासा: ताटाच्या तळाशी सॉसचा पातळ थर दिसावा, डबकं नाही. सॉस मांसाला आणि भाज्यांना धरून असायला हवा.

## बिघडलंच तर

मांसाला पाणी सुटलं: उकळत आटवत बसू नका, तेवढ्यात मांस चामट होतं. मांस झाऱ्याने काढून घ्या, पाणी वाटीत ओता, कढई पुसून पुन्हा तापवा आणि भाज्यांपासून पुढे सुरू करा. ते पाणी सॉसमध्ये साध्या पाण्याऐवजी घाला आणि नीट उकळा, चव त्यातच गेलेली असते.

सॉस फार दाट झाला: एक-एक चमचा गरम पाणी, कडेने.

सॉस पातळ राहिला: चहाच्या अर्ध्या चमच्याएवढा कॉर्नफ्लोर एक मोठा चमचा *गार* पाण्यात कालवून घाला आणि उकळी येऊ द्या. कोरडा कॉर्नफ्लोर भुरभुरलात तर गुठळ्या होणार.

खारट झालं: पाणी घालून उपयोग नाही, सगळंच पांचट होतं. आणखी थोडी भाजी वेगळी परतून मिसळा, किंवा सोबत साधा, मीठ न घातलेला भात घ्या.

सहा जणांसाठी करायचंय: साहित्य दुप्पट करा, कढईत मात्र सगळी कृती दोनदा करा. एका कढईत दुप्पट ऐवज टाकला की या लेखातली प्रत्येक पायरी वाया जाते. पहिल्या खेपेचं ताट झाकून ठेवू नका. झाकणाखाली वाफ धरते आणि पाच मिनिटांत ढोबळी मिरची मान टाकते.

## उरलं तर

दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस चांगलं राहतं. पुन्हा गरम करताना तवा चांगला तापवून एका थरात पसरा, वाफा येईपर्यंत, मिनिट-दीड मिनिट. भाज्या पहिल्या दिवसासारख्या करकरीत राहणार नाहीत. मी उरलेलं बारीक चिरून शिळ्या भातात परततो. भात आदल्या दिवशी लगेच फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वापरू नका, त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.